सोंड, पदर, खिंड आणि एक्सपोजर : डोंगरातल्या शब्दांबद्दल वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला, गवत पिवळं पडायला लागलं की नाशिकमध्ये घरोघरी माळ्यावरच्या सॅक खाली निघतात. या सदराकडे येणारी पत्रंही मग तिकडेच वळतात. या वेळी बऱ्याच पत्रांत एकच अडचण होती : ट्रेकच्या सूचनेतले शब्द कळत नाहीत, पायथ्याच्या गावातले लोक काय सांगतात तेही कळत नाही. मी अनेक वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि सुट्टीचे दिवस डोंगरात घालवले, त्यामुळे या पत्रांना उत्तरं देताना मनापासून आनंद झाला. शब्द निवडताना एक कसोटी लावली आहे. तिथे पोहोचल्यावर हातापायांनी काय करायचं हे जो शब्द सांगतो, तो आधी घेतला. बाकीचे सावकाश शिकता येतील.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा, सरकारी कार्यालयात नोकरीला आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये नाव घातलं. पहिलीच सूचना आली ती अशी : ‘हरिहर. ग्रेड मध्यम. हाइट गेन पाचशेच्या आत. एक्सपोजर आहे. उतरताना घसारा. लीडच्या पुढे, स्वीपच्या मागे कोणी राहू नये.’ ग्रुपमधले सगळे होकाराचा अंगठा टाकून मोकळे झाले. मला विचारायचा संकोच वाटतो. — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : संकोच अजिबात करू नका. आजच ग्रुपच्या प्रमुखांना फोन लावा आणि हेच प्रश्न विचारा. घाई न करता नीट उत्तर देणाऱ्या माणसाबरोबरच डोंगरात जावं.

‘ग्रेड मध्यम’ यावर सगळ्यात कमी विसंबा. सोपा, मध्यम, कठीण असं सगळेच लिहितात, पण त्याला सर्वांनी मान्य केलेलं एकच माप आपल्याकडे नाही. ग्रेड कशामुळे दिली ते विचारा. चाल लांब आहे म्हणून, चढ खडा आहे म्हणून, की हात टेकून चढायचा कातळ आहे म्हणून? ज्याचा दम कमी त्याला पहिल्या दोन गोष्टी जड जातात, ज्याला खाली बघून गरगरतं त्याला तिसरी. तुमची अडचण कोणती, हे तुम्हालाच ठाऊक.

‘हाइट गेन’ म्हणजे प्रत्यक्ष चढायची उंची. गडाच्या नावापुढचा आकडा वाचून दचकू नका. नाशिक शहरच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे अकराशे मीटरचा गड म्हणजे अकराशे मीटरचा चढ नव्हे. मात्र वाट मध्ये उतरून पुन्हा चढत असेल तर तो दुसरा चढही मोजायचा. साल्हेर आणि सालोटा हे शेजारशेजारचे गड एकाच दिवसात करणाऱ्यांना हे खिंडीत उतरल्यावर चांगलंच कळतं. वेळेचा अंदाज बांधायचा तर विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम अजून उपयोगी पडतो : दर पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. सहा किलोमीटर चाल आणि सहाशे मीटर चढ असेल तर सव्वादोन तास होतात. हा हिशेब थंड हवेतल्या, सवयीच्या माणसाचा. आपल्या उन्हात, नव्या माणसांना घेऊन, मी त्याची दीडपट ते दुप्पट धरते. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर रविवारची रांग असेल तर तो वेळ वेगळाच.

आता ‘एक्सपोजर’. तुमच्या सूचनेतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच, आणि तो अर्ध्या ओळीत उरकला आहे. वाटेच्या एका किंवा दोन्ही अंगांना आधार नाही, पाय घसरला तर थेट खाली, अशा जागेला एक्सपोजर आहे म्हणतात. चढाई सोपी असूनही एक्सपोजर असू शकतं. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या हेच त्याचं उत्तम उदाहरण. पायरी पुरेशी रुंद आहे, तिच्या दोन्ही कडांना बोटं अडकवायला खोबण्या कोरलेल्या आहेत, शिडी चढणाऱ्या कोणालाही ते चढणं जमतं. पण पायऱ्या इतक्या खड्या आहेत की पुढच्या माणसाच्या टाचा तुमच्या डोळ्यांसमोर येतात, आणि मागे वळलं की दरी दिसते. दरवाजातून आत गेल्यावर कातळ खोदून काढलेली आडवी वाट लागते, तिथे डोक्यावर कडा आणि शेजारी दरी, वाकून जावं लागतं. त्यापुढे पुन्हा पायऱ्या. बळ इथे फारसं लागत नाही, मन स्थिर लागतं. गच्चीच्या कठड्याशी उभं राहून खाली पाहताना पोटात गोळा येत असेल तर प्रमुखांना आधी सांगा. उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवायचं आणि ‘तीन टेकू’ सोडायचे नाहीत. म्हणजे दोन हात आणि दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवायचं, बाकीचे तीन टेकलेले.

‘घसारा’ म्हणजे उतारावर पसरलेला सुटा मुरूम आणि बारीक खडी. चढताना एवढा जाणवत नाही, उतरताना पाय घेऊन जातो. गुडघे थोडे वाकवा, पावलं छोटी टाका, अंगाचा भार पायांवर ठेवा. भीतीने मागे रेललात की घसरलातच. एकाखाली एक असं चालू नका, कारण वरच्याच्या पायाने दगड सुटतो. सुटला तर कोणाचा पाय लागला याची चर्चा न करता घसा फोडून ‘दगड!’ असं ओरडायचं. ही हाक ऐकली की वर बघायचं नाही. कड्याला चिकटायचं आणि सॅक मानेवर-डोक्यावर घ्यायची. तुम्ही या महिन्यात एकच शब्द पाठ करणार असाल तर तो हा करा.

लीड म्हणजे पुढचा वाट दाखवणारा, स्वीप म्हणजे सगळ्यांत शेवटी राहून कोणी मागे सुटत नाही ना हे पाहणारा.

आणि न विचारलेलं सांगते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर सुरुवात हरिहरने नको. आशेवाडीहून रामशेज करा, मग अंजनेरीचं पठार करा, आणि हरिहरला गर्दी नसलेल्या आडवारी जा.

प्रश्न : मी शहरात वाढलो, नोकरीसाठी नाशिकला आलो. सातमाळा रांगेतल्या एका गावात आजोबांना गडाची वाट विचारली. ते म्हणाले, ‘सोंडंनं धरा. पदरात गेलं की टाकं लागंल, तिथून आडवं मारा, खिंडीत निघाल. नाळंनं जाऊ नका.’ माझी मातृभाषा मराठी, तरी मला फक्त ‘जाऊ नका’ एवढं कळलं. मोबाइलवरच्या नकाशात यातलं काहीच नाही. — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : आजोबांनी तुम्हाला अख्खा नकाशा दिला आहे, आणि तोही नेमका.

डोंगराच्या मुख्य अंगापासून खाली गावाकडे उतरत आलेला लांब दांडा म्हणजे सोंड. तिच्या दोन्ही बाजू उतरत्या असतात, त्यामुळे तुम्ही कुठे आहात ते सतत दिसतं. वारा आणि ऊन लागतं, पाणी मिळत नाही, पण माणूस सहसा चुकत नाही. सोंड वर जाऊन अगदी अरुंद झाली की तिला धार म्हणतात. दोन सोंडांच्या मधे पाण्याने कापलेली उभी, मोठमोठ्या दगडधोंड्यांनी भरलेली खाच ती नाळ. खालून बघताना नाळ जवळची वाटते, सरळ वर गेलेली दिसते, म्हणून नवखा तिच्यात शिरतो. आत गेल्यावर दोन्हीकडे कातळ आणि पुढे एखादा अडकलेला प्रचंड धोंडा. पावसात तर नाळ म्हणजे पाण्याचाच रस्ता. आजोबांचं ‘नाळंनं जाऊ नका’ हे वाक्य या सगळ्यातून आलेलं आहे.

पदर समजायला थोडा भूगोल लागेल. सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनला आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हे थर एकावर एक साचले. त्यांतले काही कठीण, काही ठिसूळ. कठीण थर झिजायला नकार देतात, त्यांचे उभे कडे होतात. ठिसूळ थर झिजून मधे सपाट किंवा मंद उताराची पट्टी तयार होते, तिच्यावर माती धरते, रान माजतं. डोंगराच्या कमरेला असलेली ही झाडीची पट्टी म्हणजे पदर. कड्याखाली पोहोचल्यावर चढ एकदम संपून सावली लागली की तुम्ही पदरात आलात असं समजा. वाटा हरवतात त्या बहुतेक इथेच, कारण सपाटीवर ढोरवाटा चहूकडे फुटतात. गुरं जिथे चारा तिथे जातात, गडावर जात नाहीत. मोठी, मळलेली दिसणारी वाट पन्नास पावलांवर एखाद्या झुडपात विरली तर ती ढोरवाट होती. मागे फिरा.

टाकं म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा साठा. आत खांब सोडले असतील तर खांबटाकं. कुठल्या टाक्याचं पाणी पितात ते गावात आधीच विचारून घ्या, आणि त्या पाण्यात हातपाय धुऊ नका. उन्हाळ्यात गुराख्यांनाही तेच प्यायचं असतं.

‘आडवं मारा’ म्हणजे उंची न बदलता डोंगराच्या अंगाने बाजूला चालत जा. ट्रेकवाले याला ट्रॅव्हर्स म्हणतात. दिसायला आराम, पण एक पाय सतत वर आणि एक खाली राहतो, घोटे दुखतात. आणि खिंड म्हणजे दोन शिखरांमधली उतरलेली जागा. अनकाई आणि टनकाई या जोडकिल्ल्यांच्या मधली खिंड मनमाडकडे जाताना रेल्वेतूनही ओळखू येते. साल्हेर-सालोट्यामधली तर डोळ्यांत भरते. हिमालयाच्या वर्णनात ‘कोल’ किंवा ‘सॅडल’ वाचलंत तर डोळ्यांपुढे अशीच खिंड आणा.

त्याच भागात फिरणार असाल तर आणखी एक शब्द घ्या : नेढं. कातळाला आरपार पडलेलं भोक. कण्हेरगडावर आहे. आणि धोडप किल्ल्याच्या कातळभिंतीला पडलेली चौकोनी खाच एकदा ओळखून ठेवा. जुन्या थरांच्या भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची ती भिंत आहे, भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात. ती खाच लांबूनही चुकत नाही, त्यामुळे आपण रांगेच्या कुठल्या बाजूला आहोत हे तिच्यावरून ठरवता येतं.

आता विचारायचं कसं, ते. ‘ही वाट गडावर जाते का?’ असं विचारू नका. माणूस भिडेखातर ‘हा’ म्हणतो, किंवा कुठूनतरी फिरून ती जात असतेही. ‘गडावर कुठून जायचं?’ असं विचारा आणि त्यांना हाताने दाखवू द्या. त्यांचा हात कुठल्या सोंडेवर जातो ते बघा. ‘किती लांब?’ याला ‘हे काय, इथंच’ हेच उत्तर मिळणार, कारण त्यांच्या पायांना ते खरंच इथंच आहे. त्याऐवजी ‘गुरं घेऊन गेलात तर कधी पोहोचता?’ असं विचारा. आणि शेवटी ‘कुठं चुकतात लोक?’ हे विचारायला विसरू नका. एवढ्या एका प्रश्नाला जी माहिती मिळते ती मोबाइलवर नोंदलेल्या कुठल्याही वाटेत, म्हणजे ट्रॅकमध्ये, मिळत नाही. ‘वाट मोडली’ असं कोणी म्हणालं तर ते गांभीर्याने घ्या : वापर थांबून किंवा दरड येऊन ती वाट आता राहिलेली नाही.

वयस्क माणसांना आजोबा, मामा, मावशी अशी हाक मारा, बसा, घोटभर पाणी प्या, मग विचारा. सटाण्याकडे अहिराणी कानावर येईल, सुरगाणा-पेठकडे तिथली कोकणा बोली. काही शब्द बदलतील. तुम्ही दगडांची मांडणी करून ‘ही सोंड, ही खिंड, मग टाकं कुठं?’ असं दाखवलंत तर समोरचा लगेच दोन दगड सरकवून दुरुस्ती करतो. सोबत वाटाड्या घेतलात तर उत्तमच, आणि त्याचे पैसे निघण्याआधी ठरवा.

चकवा लागला, म्हणजे फिरून फिरून तिथेच आलात, तर शेवटची खात्रीची खूण आठवून तिथपर्यंत परत जा. ओढ्याच्या कडेने उतरलं की गाव लागतं, हा सल्ला सह्याद्रीत धोक्याचा आहे. आपले ओढे बघता बघता कड्यावरून उडी घेतात.

प्रश्न : बारावी झालेली माझी मुलगी हिमाचलात ट्रेकला जाणार आहे. आयोजकांनी पाठवलेल्या यादीत बेस लेअर, फ्लीस, डाउन जॅकेट, गेटर, ६० लिटर रकसॅक असं बरंच काही आहे. दुकानदार सगळंच घ्या म्हणतो. शिवाय ‘एएमएसची माहिती करून घ्यावी’ अशी ओळ आहे. काळजी वाटते. — एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे, आणि यादी समजली की ती निम्मी होईल.

बेस लेअर म्हणजे अंगालगतचा कपडा. त्याचं काम घाम शोषून न ठेवता बाहेर सोडणं. म्हणून तो सुती नको. सुती बनियन घामाने भिजलं की भिजलेलंच राहतं आणि थांबल्यावर अंग गार पडतं. फ्लीस हा मधला थर, तो ऊब धरतो. सर्वांत बाहेरचा थर वारा आणि पाऊस अडवतो. चालताना गरम होतं तेव्हा मधला थर काढायचा, थांबलं की लगेच चढवायचा. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा तीन पातळ थर का सांगतात, ते यासाठी. डाउन जॅकेटमध्ये पिसं असतात. हलकं आणि फार उबदार, पण भिजलं तर ऊब जाते, त्यामुळे ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच सॅकमध्ये जाऊ द्या. तेही विकत न घेता भाड्याने मिळतं का, ते आधी आयोजकांना विचारा.

गेटर म्हणजे बुटाच्या वरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण, बर्फ बुटात शिरू नये म्हणून. एकदा घेतलं की आपल्याकडेही कामाला येतं. दिवाळीनंतर गवताची कुसळं मोज्यात घुसून जो जीव खातात, त्यावर याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

रकसॅकसाठी मात्र वेळ द्या. मुलीला दुकानात घेऊन जा. साठ लिटर हे आतल्या जागेचं माप आहे. तंबू आणि सामान खेचरं वाहणार असतील तर एवढी मोठी लागणारही नाही, आयोजकांना विचारा. दुकानात सॅकमध्ये आठ-दहा किलो वजन घालायला लावा. सगळे पट्टे सैल करा, सॅक पाठीवर घ्या. आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर येईल असा बांधा, पोटावर नाही. तो घट्ट झाल्यावर खांद्याचे पट्टे ओढा. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे थोडे ओढा, म्हणजे सॅक पाठीला लागते. शेवटी छातीचा पट्टा लावा. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सरकवून बघा. सहज जात असतील तर भार कमरेवर आला आहे, सॅक बरोबर आहे. खांद्यावर रुतत असेल तर कितीही नावाजलेली असली तरी ती तिच्यासाठी नाही. जड वस्तू पाठीलगत आणि मध्यावर भरायच्या, स्लीपिंग बॅग तळाला.

एएमएस म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेने होणारा त्रास. साधारण २५०० मीटरच्या वर तो होऊ शकतो. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर, साल्हेर १५६७. महाराष्ट्रातल्या कुठल्याच ट्रेकमध्ये त्याची गाठ पडत नाही, त्यामुळे इथे तरबेज असलेली मुलंही तिथे गाफील राहतात. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं, गळून गेल्यासारखं वाटणं ही लक्षणं. ती दिसली तर बरं वाटेपर्यंत आणखी वर जायचं नाही. वाढली तर खाली यायचं. चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं ही फार गंभीर लक्षणं, तेव्हा रात्र असली तरी वाट न बघता तिला खाली आणायलाच हवं. मुलीला एवढंच बजावा की त्रास लपवायचा नाही. मैत्रिणींमध्ये मागे पडू नये म्हणून मुलं डोकेदुखी दाबून ठेवतात. आणि आयोजकांना विचारा, उंचीची सवय व्हावी म्हणून मुक्कामाचा एखादा जादा दिवस ठेवला आहे का? नसेल तर दुसरे आयोजक शोधा. यात मी भीड धरणार नाही.

प्रश्न : परदेशातल्या बॅकपॅकर्सचे व्हिडिओ मी खूप बघतो. थ्रू-हाइक, ट्रेलहेड, स्विचबॅक, बेस वेट, झिरो डे, केर्न हे शब्द सारखे येतात. हाइक, ट्रेक, बॅकपॅकिंग यांत फरक काय? — एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : हाइक म्हणजे साधारणपणे जाऊन त्याच दिवशी परतायचं, बॅकपॅकिंग म्हणजे रात्रीचा मुक्काम आणि त्याचं सगळं सामान पाठीवर. आपण या सगळ्याला ट्रेकच म्हणतो, आणि त्याने काही बिघडत नाही.

ट्रेलहेड म्हणजे गाडी सोडून पायवाट सुरू होते ती जागा. स्विचबॅक म्हणजे चढ सोपा व्हावा म्हणून नागमोडी काढलेल्या वाटेचं वळण. ते मधूनच कापून सरळ वर जाऊ नकोस, तिथून माती सुटते आणि पुढच्या पावसात पाणी तोच मार्ग धरतं. लांबलचक वाट एका दमात, एका मोसमात पूर्ण करणं म्हणजे थ्रू-हाइक. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल जॉर्जियापासून मेनपर्यंत जाते, सुमारे ३५०० किलोमीटर, चालायला पाच ते सात महिने लागतात. त्या चालीत ज्या दिवशी एकही किलोमीटर चालायचं नाही, तो झिरो डे. बेस वेट म्हणजे अन्न, पाणी आणि इंधन सोडून सॅकचं वजन. हे संपत जाणारं वजन वगळून मोजलं की खरी काटछाट कुठे करायची ते दिसतं. तू स्वतःची सॅक घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघ.

केर्न म्हणजे वाटेची खूण म्हणून रचलेले दगड. आपल्याकडेही कातळसड्यावर, जिथे वाट उमटत नाही तिथे, अशी लगोर रचलेली दिसते. फोटोसाठी मात्र नवी रचू नकोस. धुक्यात कोणीतरी तिच्यावर विसंबून पाऊल टाकणार असतो.

प्रश्न : मी सातवीला भूगोल शिकवते. समोच्च रेषा मुलांच्या डोक्यात शिरत नाहीत. डोंगरातल्या शब्दांशी त्या जोडता येतील का? — एक शिक्षिका, सातपूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून पुन्हा वर्गावर जावंसं वाटलं.

एक मोठी बादली किंवा पसरट टब घ्या आणि ओबडधोबड दगड घ्या, ज्याला एखादी सोंड आणि एखादी खाच आहे असा. मुलांनाच मैदानातून शोधून आणू द्या. दगड टबात ठेवा, बोटभर उंचीचं पाणी ओता, आणि पाणी दगडाला जिथे टेकतं तिथे मेणखडूने चहूबाजूंनी रेघ मारायला सांगा. पुन्हा बोटभर पाणी, पुन्हा रेघ. माथ्यापर्यंत असंच. मग पाणी काढा आणि दगड बरोबर वरून बघायला लावा. जिथे दगड खडा तिथे रेघा एकमेकींना चिकटलेल्या, जिथे मंद उतार तिथे लांब लांब. सोंडेवर रेघांचं टोक खालच्या बाजूला आलेलं दिसेल, खाचेत ते वरच्या बाजूला शिरलेलं. सोंड आणि नाळ नकाशावर ओळखायची खूण हीच. मुलं ती स्वतः काढतात, म्हणून विसरत नाहीत.

त्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा दाखवा. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. लगतच्या दोन रेषांत किती मीटरचं अंतर धरलं आहे ते नकाशाखाली छापलेलं असतं, बहुधा वीस मीटर. मग मुलांना पांडवलेण्याच्या डोंगरावर न्या. पायऱ्या आहेत, चढ बेताचा आहे, तिथली चोवीस लेणी तर बघायचीच आहेत. लेण्यांच्या ओटीवर उभं राहून प्रत्येकाने समोरच्या मुलखात एक सोंड, एक खिंड, एक पठार बोट दाखवून सांगायचं. जो दाखवेल त्याला तो शब्द आला.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी ग्रुपशिवाय जातो. अडकलोच, तर फोनवर नेमकं काय सांगायचं? — एक वाचक, सिडको

उत्तर : हा प्रश्न विचारलात याबद्दल तुमचे आभार. मदत मागणारे बहुतेक जण ‘आम्ही डोंगरावर आहोत, आजूबाजूला झाडी आहे’ एवढंच सांगतात. शोधणाऱ्या माणसांना, आणि पहिल्यांदा धावून येणारे बहुधा पायथ्याच्या गावातलेच असतात, त्यातून काही हाती लागत नाही. तुम्ही असं सांगायला हवं : कुठल्या गावातून किती वाजता निघालो, सोंडेने चढलो की नाळेने, खिंड ओलांडली की नाही, आत्ता कड्याच्या वर आहोत, खाली, की पदरात, जवळ टाकं, देऊळ, बुरूज असं काही आहे का, किती जणी, कोणाला काय लागलं आहे, पाणी किती आहे. ११२ वर फोन लावा. मोबाइलमधलं ठिकाण लिहून पाठवा, कारण रेंज बोलण्यापुरती नसली तरी संदेश कधीकधी जातो. मग तिथून हलू नका आणि बॅटरी जपा.

निघण्याआधी हीच माहिती घरी एका कागदावर लिहून ठेवा, परतायची वेळ घालून. पायथ्याच्या गावातही एका घरी सांगून जा.

रेंज नसेल तर शिट्टी. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. हा जगभर गिर्यारोहकांनी मानलेला संकटाचा संकेत आहे. रात्री टॉर्चनेही तसाच देता येतो. ऐकणाऱ्याने उत्तर म्हणून मिनिटाला तीन वेळा वाजवायचं असतं. बऱ्याच सॅकच्या छातीच्या पट्ट्याच्या बकलमध्येच शिट्टी बसवलेली असते. चौघींच्या सॅक आज तपासून बघा. जिच्यात नसेल तिने एक शिट्टी दोरीला ओवून गळ्यात घालावी, सॅकच्या आत ठेवू नये.